पनवेलच्या दमट हवेत कमी खर्चाचा एसी : एक आढावा

पनवेलमधल्या घरगुती एसीला उष्णतेपेक्षा ओलाव्याशी अधिक झुंजावे लागते. पश्चिमेला खाडी, पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, दक्षिणेला कर्नाळा आणि मधल्या सखल पट्ट्यात गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्या अशी या शहराची बैठक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बहुधा ३५ ते ३८ अंशांच्या दरम्यान राहतो. विदर्भातल्या ४४-४५ अंशांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. भारतीय हवामान विभागानेही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची पातळी म्हणूनच निराळी धरली आहे. मैदानी भागात ४० अंशांपासून लाटेचा विचार सुरू होतो. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ एवढ्यावर लाट जाहीर होऊ शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी याच पनवेल तालुक्यातल्या खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. या पट्ट्यातला उकाडा किती घातक ठरू शकतो, याचा हा सर्वांत दुःखद पुरावा आहे. वृद्ध, आजारी माणसे आणि लहान मुले असलेल्या घरात थंड खोली ही चैन मानण्याचे दिवस मागे पडले आहेत. म्हणून ती कमी पैशांत आणि टिकाऊ कशी मिळेल, हा प्रश्न गांभीर्याने पाहण्याजोगा आहे.

ओलाव्याचा हिशोब थोडा तपशिलात पाहिला की पुढची निवड सोपी होते. ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या एका किलोत सुमारे २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एका किलो हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ भरते. झोपायला सुखद अशा २६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत हे प्रमाण साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे नागपूरच्या एसीला हवा फक्त थंड करायची असते, तर पनवेलच्या एसीला ती थंड करता करता प्रत्येक किलोमागे दहा ग्रॅम पाणीही गाळायचे असते. वाफेचे पाणी होताना मोठी उष्णता बाहेर पडते आणि ती शोषण्यात यंत्राची ताकद खर्ची पडते. तासाला लिटरभर पाणी गाळायचे, तर एक टनाच्या एसीची जवळजवळ एक पंचमांश ताकद त्यातच जाते. पनवेलच्या इमारतींखाली उन्हाळ्यात एसीच्या पाइपमधून जी अखंड धार गळताना दिसते, ती याच कामाची खूण आहे.

स्वस्त पर्याय म्हणून अनेकांच्या मनात प्रथम कूलर येतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवील त्याच्या खाली तो हवेला नेऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात नागपुरात ही मर्यादा २३ अंशांच्या जवळ येते, पनवेलमध्ये साडेअठ्ठावीस अंशांच्या. शिवाय कूलर आधीच दमट असलेल्या खोलीत आणखी ओलावा ओततो. विदर्भ-मराठवाड्यात उत्तम ठरणारे हे यंत्र पनवेलमध्ये मार्च ते ऑक्टोबर या काळात जवळजवळ निरुपयोगी आहे आणि त्यावर खर्च केलेले पाच-सात हजार रुपये पुढे एसीच्या खर्चातच मिळवावे लागतात. चाकांवर फिरणारा पोर्टेबल एसीही टाळावा. त्याचा गरम हवेचा जाड पाइप खिडकीतून बाहेर काढावा लागतो, त्या फटीतून दमट हवा आत येत राहते आणि वीज जास्त जळते.

गरम हवेची सोय पनवेलच्या घराला लागत नाही. जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण पंधराच्या आसपास थांबतो आणि त्याला एक गोधडी पुरते. म्हणून बाजारात ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून मिळणाऱ्या एसीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. महानगर गॅसची वाहिनी इथल्या अनेक सोसायट्यांत पोचली आहे, पण ती शेगडी आणि फार तर गीझरसाठी. अमेरिकेत न्यू जर्सी किंवा शिकागोच्या बाजूला घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मात्र प्रश्न दुहेरी असतो. तिथे तळघरात गॅसची भट्टी, तिच्यावर एसीची कॉइल आणि दोघांची हवा एकाच पत्र्याच्या डक्टमधून घरभर, अशी रचना असते. भट्टीची कार्यक्षमता टक्क्यांत मोजतात. ८० टक्क्यांची भट्टी स्वस्त पडते, ९५ टक्क्यांच्या आसपासची महाग. पण ती धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरते. कडक थंडीच्या प्रदेशात महाग भट्टी काही वर्षांत पैसे परत करते, उबदार दक्षिणेत करत नाही. तिथले अनुभवी लोकही एकच गोष्ट आधी सांगतात : आधीच्या मालकाने बसवलेल्या आकाराचीच यंत्रणा पुन्हा घेऊ नये, घराची उष्णता नव्याने मोजून मगच आकार ठरवावा. हा नियम पनवेलच्या एका खोलीच्या एसीलाही लागू पडतो.

एसीचा ‘टन’ वजनाचा नसतो. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी शोषण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात ती साडेतीन किलोवॉटच्या जवळ येते. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे इथल्या सिडकोच्या आणि खासगी इमारतींत बेडरूम बहुतेक १०० ते १२५ चौरस फुटांची असते. मधल्या मजल्यावर, दोन किंवा तीन माणसे झोपणार असतील तर अशा खोलीला एक टन पुरतो. अगदी लहान खोलीसाठी पाऊण टनाच्या आसपासची यंत्रेही मिळतात. १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीला दीड टन लागतो. गच्चीखालचा मजला, पश्चिमेची भिंत, मोठी काच किंवा स्वयंपाकघराला दार नसलेला हॉल, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की एक पायरी वर जावे.

दुकानात मात्र सल्ला बहुधा उलट मिळतो : ‘दीडच घ्या, लवकर गार होईल.’ कोरड्या गावात हा सल्ला फार नुकसान करत नाही. पनवेलमध्ये करतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र काही मिनिटांत खोलीचे तापमान खाली आणते आणि थांबते किंवा अगदी मंद होते. पाणी गाळायला कॉइल बराच वेळ गार राहावी लागते. तो वेळच तिला मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते, चादर ओलसर लागते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. मग घरातली माणसे तापमान २० वर नेतात आणि बिल वाढते. योग्य आकाराचा एसी रात्रभर सावकाश चालत राहिला तर २६ अंशांवरही अंग कोरडे राहते. आकार बरोबर साधला की पैसे दोनदा वाचतात, खरेदीत आणि बिलात.

विंडो की स्प्लिट हा प्रश्न बहुतेक वेळा घरच सोडवते. पनवेल परिसरात भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलणे त्यांना नवे नाही. स्प्लिट काढायचा, गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायचा, नव्या घरी भिंतीला भोक पाडायचे, तांब्याचा पाइप वाढवायचा, यात दर खेपेला काही हजार रुपये जातात आणि गळतीची शक्यता वाढते. विंडो एसी दोन माणसे उचलून नेतात. भाडेकरूसाठी, खिडकीची रचना परवानगी देत असेल तर, विंडोच शहाणपणाचा. त्याचा आवाज जास्त आणि निवड मर्यादित हे खरे. स्वतःच्या घरासाठी स्प्लिट बरा. त्यातही आता इन्व्हर्टरच सर्वत्र आहेत. जुना साधा कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालू-बंद होत असे. इन्व्हर्टर वेग कमी-जास्त करतो. रात्रभर चालणाऱ्या एसीत त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. मात्र कॉम्प्रेसर अगदी मंद चालताना कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि हवेतला ओलावा हटत नाही. अशा वेळी पंख्याचा वेग कमी ठेवावा किंवा ‘ड्राय’ मोड वापरावा. पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि हवा चिंब असताना हा मोड फार उपयोगी पडतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक रिमोटवर असूनही क्वचितच वापरला जातो. वायफाय, चारी बाजूंना वारा, ‘फाइव्ह इन वन’ अशा नावांच्या सोयींवर कमी बजेटच्या ग्राहकाने पैसे घालू नयेत.

स्टारचे लेबल मात्र नीट वाचायला हवे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, त्याखालचा ऊर्जा दक्षता ब्युरो २००२चा आणि स्टार लेबलची योजना २००६ची. २०१८पासून एसीची कार्यक्षमता हंगामी गुणोत्तराने मोजली जाते. लेबलवर ते आयएसईईआर या नावाने छापलेले असते. हंगामभरात खोलीतून उपसलेली उष्णता भागिले खर्च झालेली वीज, असा त्याचा साधा अर्थ. आकडा जितका मोठा तितके यंत्र काटकसरी. स्टार देण्याचे तक्ते दर काही वर्षांनी कडक होतात. २०१८च्या तक्त्यात ४.५ गुणोत्तराला पाच स्टार मिळत. जुलै २०२२पासून पाच स्टारसाठी किमान ५ लागू झाले आणि जुना पाच स्टार चार स्टारवर आला. म्हणून सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यातला एसी घेताना तारे मोजू नयेत. गुणोत्तर आणि लेबलचे वर्ष पाहावे. गुणोत्तर चांगले असेल तर जुना साठा हा उत्तम सौदा ठरतो.

त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हेही लिहिलेले असते. ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले असते. २०२२च्या तक्त्यातल्या तीन स्टारच्या एक टन यंत्राला ३.९ गुणोत्तर असेल तर साधारण ७०० युनिट, पाच स्टारच्या यंत्राला ५.१ असेल तर ५३० युनिट. फरक १७० युनिटांच्या आत-बाहेर. आता पनवेलमधल्या एका बेडरूमचा वापर धरावा : मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात, मिळून १२० रात्री, रोज ८ तास. म्हणजे ९६० तास. फरक उरतो शंभर युनिटांचा. एका युनिटला सगळे आकार धरून १२ रुपये मानले तर वर्षाची बचत १२०० रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत ८ हजारांचे अंतर असेल तर ते भरून यायला साडेसहा-सात वर्षे लागतात. तेवढ्या काळात किनाऱ्याच्या हवेत यंत्राला मोठी दुरुस्ती लागण्याचीही शक्यता असते. त्यामुळे फक्त रात्री चालणाऱ्या एकमेव एसीसाठी तीन स्टार पुरेसा आहे. घरून काम करणारी व्यक्ती किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि एसी वर्षातले २४०० तास चालणार असेल, तर हाच फरक वर्षाला ३ हजारांच्या जवळ जातो आणि पाच स्टारची किंमत तीन वर्षांच्या आत वसूल होते.

या गणितात महावितरणच्या टप्प्यांचा एक बारकावा आहे. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांत आकारला जातो. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक असतो, तिसरा त्याहून चढा, आणि वर वीज शुल्क. एक टनाचा एसी रात्रीला साडेतीन-चार युनिट घेतो, महिन्याला शंभर-सव्वाशे. एरवी १५० युनिट वापरणारे घर एका एसीने तीनशेच्या आत राहते. दुसरा एसी आला की वाढीव युनिटे तिसऱ्या टप्प्यात पडतात. म्हणून पहिला एसी तीन स्टारचा आणि दुसरा, घेण्याची वेळ आलीच तर, पाच स्टारचा, हा क्रम पनवेलच्या मध्यमवर्गीय घराला मानवतो.

लेबलची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. चाचणीच्या खोलीत आतली हवा २७ अंशांची आणि जेमतेम निम्म्या आर्द्रतेची असते, बाहेरची ३५ अंशांची. पनवेलच्या जूनमधल्या खोलीइतका ओलावा त्या चाचणीत नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष बिल लेबलच्या हिशोबापेक्षा थोडे वर जाईल, हे धरून चालावे.

यानंतरचा भाग खरेदीच्या वेळी सर्वांत दुर्लक्षित राहतो, आणि पनवेलमध्ये तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : कॉइल. खाडीवरून येणारी खारी हवा, उघडे नाले आणि तळोजा औद्योगिक वसाहतीतली रासायनिक कारखानदारी यांचा परिणाम धातूवर होतो. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. नाल्यांतून आणि सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, अगदी थोडा असला तरी, तांब्याला काळे पाडतो आणि पाइपला सुईच्या टोकाएवढी भोके पाडतो. गॅस हळूहळू निघून जातो. एसी चालतो, वारा येतो, पण गारवा नसतो. खाडी, नाला किंवा कारखान्याजवळच्या घरांत अशी गळती दोन-तीन वर्षांतच सुरू झाल्याची तक्रार नेहमी ऐकू येते.

यावर पूर्ण उपाय नाही, पण नुकसान कमी करता येते. इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही कॉइल तांब्याच्या घ्याव्यात. तांब्याची कॉइल डाग देऊन दुरुस्त होते, ॲल्युमिनियमची बहुधा बदलावीच लागते. कॉइलवर निळ्या किंवा सोनेरी रंगाचा संरक्षक लेप असतो. तो फक्त बाहेरच्या पत्तींवर आहे की इनडोअरच्या तांब्याच्या नळ्यांवरही, हे विचारून घ्यावे, कारण वायूचा मार बहुतेक वेळा इनडोअरच्या नळ्यांनाच बसतो. वॉरंटीचा कागद दुकानातच वाचावा. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षे’ ही ओळ ठळक असते, पण पनवेलमध्ये कॉम्प्रेसर सहसा आधी जात नाही. आधी जातात ती कॉइल आणि पीसीबी, म्हणजे यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. कंडेन्सरला पाच वर्षे, पीसीबीला पाच वर्षे आणि गॅस भरण्याचा खर्च धरलेला, अशी वॉरंटी मिळत असेल तर तिच्यासाठी दोन-अडीच हजार जास्त मोजणे योग्य आहे. क्षरणामुळे झालेले नुकसान वगळल्याचे बारीक अक्षरांतले कलम असेल तर ते यंत्र खाडीकाठच्या घराने टाळावे. ब्रँडच्या नावापेक्षा त्या कंपनीचे सेवा केंद्र पनवेल-नवी मुंबईत आहे का आणि कॉइल किती दिवसांत मिळते, याला जास्त किंमत द्यावी.

गॅसच्या बाबतीत आता फारशी निवड उरलेली नाही. ओझोनच्या थराला घातक असलेला आर २२ मागे पडला. १९८७च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवला जात आहे. नव्या घरगुती एसीत बहुतेक आर ३२ असतो. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम आर ४१० ए या दुसऱ्या गॅसच्या सुमारे एक तृतीयांश आहे आणि त्यावर यंत्र चांगले चालते. काही यंत्रांत आर २९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन असतो. त्याचा हवामानावरचा परिणाम नगण्य आहे. आर ३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन पूर्ण ज्वलनशील. दुरुस्ती करताना गॅस पूर्ण काढल्याशिवाय डागणीचा दिवा पेटवू देऊ नये, एवढे घरातल्या माणसाने बघावे.

फिटिंगमध्ये होणारी चूक पुढची सात-आठ वर्षे छळते. एप्रिल-मेमध्ये एकेका मेकॅनिकला दिवसात अनेक घरे उरकायची असतात आणि त्या घाईत व्हॅक्यूमची पायरी गाळली जाते. पाइप जोडल्यावर त्यात खोलीतली हवा आणि तिच्यासोबत पाण्याची वाफ राहते. ती ओढून काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावायचा असतो. गेजचा काटा शून्याच्या खाली तिशीपर्यंत गेला पाहिजे, पंप पंधरा-वीस मिनिटे चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटे काटा जागचा हलता कामा नये. काटा वर सरकला तर कुठेतरी गळती आहे. पंप न आणता आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ‘ढकलून’ देण्याची पद्धत जुन्या आर २२च्या काळात कशीबशी खपून जात असे. आजच्या यंत्रांतले तेल पाणी झपाट्याने शोषते, त्याचे आम्ल बनते आणि कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांवरचा लेप खाऊ लागते. म्हणून फिटिंगची वेळ ठरवतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणणार का’ हे विचारावे आणि काम चालू असताना जवळ उभे राहावे.

पाइप जाड तांब्याचा असावा. कंपनी बहुधा तीन मीटर देते. त्यापुढे मीटरवर पैसे लागतात, म्हणून इनडोअर आणि आउटडोअर जितके जवळ तितके बरे. आउटडोअर अरुंद डक्टमध्ये बसवू नये. खालच्या मजल्यांवरच्या यंत्रांची गरम हवा तिथे वर चढत राहते, वरच्या मजल्यावरच्या यंत्राला ४५ अंशांची हवा ओढावी लागते आणि स्टारचा सगळा हिशोब कोलमडतो. यंत्रापर्यंत माणूस सुरक्षितपणे पोचू शकेल अशीच जागा निवडावी. उंच इमारतीच्या बाहेर दोरीला लटकून सर्व्हिस करणाऱ्या माणसाचा जीव काही हजारांपेक्षा मोलाचा आहे. लोखंडी स्टँड दोन पावसाळ्यांत गंजतो, तेव्हा चांगल्या रंगाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. पाण्याच्या पाइपला सरळ उतार असावा आणि त्याचे टोक शेजाऱ्याच्या खिडकीवर न सोडता सोसायटीच्या सांडपाण्याच्या लाइनमध्ये द्यावे. सोसायटीतली निम्मी भांडणे याच धारेवरून होतात.

विजेची बाजू थोडक्यात सांगता येते. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरे अर्थिंग हवे. एक टनाला अडीच चौरस मिलिमीटरची, दीड टनाला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरावी. जुन्या पनवेलमधल्या घरांत ॲल्युमिनियमची जुनी वायर असेल तर आधी ती बदलावी. हा खर्च एसीच्या बजेटमध्येच मोजावा. महावितरणकडचा मंजूर भार अपुरा असेल तर वाढवून घ्यावा. स्टॅबिलायझर नको असे बहुतेक कंपन्या सांगतात आणि स्थिर पुरवठ्याच्या भागात ते खरे आहे. जिथे पावसाळ्यात वीज वारंवार जाते-येते तिथे तीन-चार हजारांचा स्टॅबिलायझर लावणे परवडते, कारण पीसीबी जळला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्च येतो. आउटडोअरच्या खोक्यात पाल शिरून पीसीबी शॉर्ट होणे हीदेखील इथली नित्याची गोष्ट आहे. वायरी आत जाण्याची फट बंद केली की तो धोका बराच टळतो.

घराची उष्णता कमी करण्याचा खर्च अनेकदा एसीच्या खर्चापेक्षा आधी करायला हवा. गच्चीखालच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझॅक केल्यास स्लॅब बराच कमी तापतो. नवी मुंबई-पनवेलच्या इमारतींवर पावसाची गळती थांबवण्यासाठी पत्र्याची शेड घालण्याची चाल आहे. तिच्या दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवल्या तर ती उन्हाळ्यातही कामाला येते. परवानगीचा प्रश्न सोसायटीने आधी मिटवावा. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा छज्जा अधिक परिणामकारक, कारण ऊन काचेतून आत आल्यावर उष्णता खोलीतच राहते. जुन्या पनवेलमधल्या कौलारू घरात कौलांखाली छत बंद केल्याशिवाय एसी लावूच नये; फटींतून दमट हवा येत राहते आणि यंत्र रात्रभर निष्फळ पाणी गाळत बसते. दाराखालची फट, एक्झॉस्टचे उघडे भोक, खिडकीच्या सरकत्या काचांमधली जागा, या सगळ्या रबराच्या पट्टीने दोनशे-तीनशे रुपयांत बुजतात. पनवेलमध्ये त्या पट्टीइतकी स्वस्त बचत दुसरी नाही.

वापरातही हेच तत्त्व चालते. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि त्यासोबत मंद पंखा, हा पनवेलच्या रात्रीला सर्वांत अनुकूल मेळ आहे. तीस वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा या मेळाचा खर्च आणखी उतरवतो.

खरेदीची वेळही पैसे वाचवते. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याउपर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत दुकानदार भाव सोडायला तयार असतो आणि मेकॅनिकला नीट फिटिंग करायला वेळ असतो. बजेट मांडताना यंत्राच्या किमतीत फिटिंग, जादा पाइप, स्टँड, वायर मिळून पाच ते सात हजार धरावेत. ते न धरल्यामुळेच शेवटी पातळ पाइप आणि कच्चा स्टँड गळ्यात पडतो.

देखभाल दोन वेळा पुरते : एकदा फेब्रुवारीत आणि एकदा पावसाळा संपल्यावर. जाळी मात्र पंधरा दिवसांनी घरच्या घरी नळाखाली धुवावी. ‘गॅस कमी झालाय, टॉप-अप करावा लागेल’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला तर गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायला तास-दोन तास लागतात. तो वेळ देणारा मेकॅनिक मिळाला तर त्याचा क्रमांक जपून ठेवावा.

जुना एसी कधी बदलावा याचा हिशोब सोपा आहे. सात-आठ वर्षांपुढचे यंत्र, इनडोअर कॉइलची दुसऱ्यांदा गळती आणि दुरुस्तीचा अंदाज नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त, असे असेल तर दुरुस्ती करू नये. आर २२चा एसी असेल तर पहिल्याच मोठ्या गळतीला बदलावा. काढताना गॅस हवेत सोडू न देता आउटडोअरमध्ये गोळा करून घ्यावा. जुने यंत्र भंगारवाल्याला न देता एक्सचेंजमध्ये किंवा ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या केंद्राला द्यावे. भंगारात तांब्यासाठी नळी कापली जाते आणि उरलेला गॅस तिथेच उडून जातो.